सोलापूरची भाड्याची मोटार, 82 वर्षांच्या आत्या आणि 300 किलोमीटरचा नियम

मार्गशीर्षात आमच्या आत्या पुण्याहून आठ दिवसांसाठी सोलापूरला आल्या. वय 82, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, चालणे काठीच्या आधाराने, आणि उत्साह मात्र घरातल्या तरुणांना लाजवील असा. सिद्धेश्वराचे दर्शन, अक्कलकोट आणि विजापूरचा गोल घुमट एवढे पाहायचे, हे त्यांनी येण्यापूर्वीच दूरध्वनीवर सांगून ठेवले होते. त्यासाठी शहरातील एका प्रवासी सेवेकडून चालकासह मोटार भाड्याने घेतली. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण जे खटकले त्यातील बराचसा भाग तिचा एकटीचा दोष नसून या धंद्याची रीतच तशी आहे.

नोंदणीसाठी दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडील गृहस्थांनी आधी ‘एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर’ असा बेत सुचवला. सकाळी सहाला निघून रात्री नऊपर्यंत तिन्ही दर्शने होतात, असे ते आत्मविश्वासाने म्हणाले. होतही असतील, परंतु ज्या माणसाला गाडीतून उतरून सरळ उभे राहायलाच दोन मिनिटे लागतात, त्याच्यासाठी तो दिवस दर्शनाचा न राहता चढ-उताराचा होतो. आमचा बेत दिवसाला एकच ठिकाण, दुपारचे जेवण आणि झोप घरी, आणि एका दिवसाआड पूर्ण विश्रांती असा होता. हे ऐकून त्यांनी हरकत घेतली नाही. उलट, ‘मग अक्कलकोट गुरुवारी ठेवू नका, सोमवारी जा, गर्दी निम्म्याने कमी,’ असा उपयोगी सल्ला दिला. तो खरा ठरला.

पहिली अडचण गाडीने निर्माण केली. मी घडीची चाकाची खुर्ची बरोबर असेल हे स्पष्ट सांगितले होते आणि ‘डिकी मोठी आहे’ असे उत्तरही मिळाले होते. प्रत्यक्षात दारात आलेल्या सेडान गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली होती आणि उरलेल्या जागेत एक पिशवीही जेमतेम मावली असती. शिवाय तिचे आसन इतके खाली होते की, आत्यांना आत बसताना जवळजवळ पडावेच लागले आणि बाहेर काढताना आम्हा दोघांना त्यांना उचलावे लागले. तक्रार केल्यावर पाऊण तासात दुसरी गाडी आली, हे संस्थेच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ती सात आसनांची होती, मागचे आसन दुमडल्यावर खुर्ची आरामात बसली, आणि बसण्याची उंची साधारण कमरेइतकी असल्याने आत्या आधी टेकून मग पाय आत घेऊ शकल्या. याहून उंच, पायरीवर चढून बसावे लागणारी गाडीही उपयोगाची नाही. ज्येष्ठांसाठी गाडी ठरवताना वातानुकूलनापेक्षा आसनाची उंची, दारावरची पकड आणि डिकीत टाकी आहे की नाही, हे आधी विचारावे आणि शक्य असल्यास गाडीचे छायाचित्र मागवावे.

गाडीबरोबर आलेला चालक ही या सेवेची खरी जमेची बाजू. पन्नाशीचा, मितभाषी, मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारा हा माणूस पहिल्या दिवसापासून ‘आज्जी, घाई न्हाई, सावकाश उतरा,’ म्हणत दार धरून उभा राहिला. कमोडची स्वच्छ सोय कोणत्या पेट्रोल पंपावर आणि कोणत्या हॉटेलात आहे, हे त्याला पाठ होते आणि दर तासाभराने तो स्वतःहून विचारत असे. ही माहिती कार्यालयाकडे मात्र नव्हती. म्हणजे दुसरा चालक आला असता, तर तीही गेली असती.

सिद्धेश्वर मंदिरात सायंकाळी गेलो. तलावाच्या मधोमध असलेल्या या मंदिराच्या आवारातील फरशी दुपारी तापते आणि अनवाणी चालणे वृद्धांना सोसत नाही. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास, हा परिसर गजबजून जातो; त्यामुळे त्याआधीचा हा काळ आम्हाला सोयीचा पडला. अक्कलकोटला सकाळी साडेसातला निघालो. स्वामी समर्थ ज्या वडाखाली बसत, त्या वटवृक्ष मंदिरात शांतपणे दर्शन झाले आणि एक वाजता आम्ही घरी पोहोचलो. भाड्याचा हिशेब आठ तास आणि 80 किलोमीटर असा होता. अक्कलकोट सोलापूरहून सुमारे 40 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन नेमके तेवढेच; परंतु मोजणी गाडी त्यांच्या आवारातून निघाल्यापासून होते, त्यामुळे 11 किलोमीटरचे जादा पैसे द्यावे लागले. रक्कम किरकोळ असली, तरी हे आधी सांगायला हवे होते.

विजापूरसाठी, म्हणजे आताच्या विजयपुरासाठी, एक मुक्काम धरला होता. अंतर सुमारे 100 किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत. एका दिवसात परत येता येते, पण आम्हाला ते नको होते. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू होते आणि परवाना कर वेगळा भरावा लागतो. याची कल्पना संस्थेने दिली होती आणि पावतीही दिली. मुहम्मद आदिलशाहाच्या गोल घुमटात प्रतिध्वनीच्या सज्जावर जाण्यासाठी कोपऱ्यातील मिनाराचे सात मजल्यांचे अरुंद जिने चढावे लागतात. आत्या खालीच, थडग्यांच्या चौथऱ्याजवळ खुर्चीवर बसून राहिल्या. वरच्या शाळकरी मुलांच्या आरोळ्या घुमटातून फिरून खाली येत होत्या आणि त्या दर खेपेला हसत होत्या. मी वर जाऊन आलो. खरे सांगायचे तर खालची जागाच अधिक चांगली होती. दुसऱ्या सकाळी तिथल्याच इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या बागेत सावलीत दीड तास गेला. चालकाने एकदाही घड्याळ पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर या सेवेचा सर्वांत जाचक नियम आमच्या कामी आला. बाहेरगावच्या मुक्कामी भाड्यात दिवसाला किमान 300 किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, गाडी तेवढी धावो अथवा न धावो. पैसे भरलेलेच आहेत, तर महामार्ग सोडून हत्तरसंग कुडलला जाऊ, असे मी म्हटले. आत्यांनी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील संगमेश्वर मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा मराठी शिलालेख त्यांनी कधी पाहिला नव्हता. चालकाने कार्यालयात विचारले, तेव्हा ‘ठरलेल्या मार्गात ते नाही’ असे उत्तर आले. किलोमीटर आमच्याच हिशेबातले आहेत, हे दोनदा समजावल्यावर परवानगी मिळाली. मंदिरात आत्या तुळईवरील अक्षरांकडे मान वर करून बराच वेळ पाहत बसल्या. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचा तो मजकूर. दोन-तीन अक्षरे लागल्यावर, ‘म्हणजे थोडी तरी विजयी झाले,’ असे म्हणून उठायला त्यांनी चालकाचा हात मागितला.

बिल असे झाले. या दोन दिवसांत गाडी प्रत्यक्षात 262 किलोमीटर धावली, पैसे 600 किलोमीटरचे. दर 15 रुपये, म्हणजे 9000 रुपये. चालकाचा भत्ता, टोल, वाहनतळ आणि परवाना कर वेगळे. प्रत्यक्ष धावलेल्या अंतरावर हा दर किलोमीटरला 34 रुपयांहून अधिक पडतो. इंधन कमी जाळून गाडी उभी ठेवणाऱ्या प्रवाशाकडून धावणाऱ्याइतकेच पैसे घेणे मला पटत नाही. गाडी अडकून राहते हा त्यांचा युक्तिवाद मान्य आहे, पण मग ज्येष्ठांच्या सावकाश प्रवासासाठी दिवसाचा वेगळा ठोक दर ठेवावा. मी तसे लेखी सुचवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

तुळजापूर या खेपेला राहिले. भवानीचे मंदिर उतारावर आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरून जावे लागते आणि त्याच चढून परत यावे लागते. आत्यांची कुलस्वामिनी तीच असल्याने ते टाळता येणार नाही. फाल्गुनात त्या पुन्हा येतील, तेव्हा मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून एक सकाळ धरली आहे. आगाऊ रक्कम भरताना तीच गाडी आणि तोच चालक येईल, असे पावतीवर लिहून घेतले आहे.