ट्रोकसची बटणं: आठ महिन्यांनंतर

उन्हाळ्याआधी दोन पांढऱ्या सुती शर्टांना ट्रोकसची १८ बटणं लावून घेतली. दुकानदार ‘शिंपल्याची’ म्हणाला. पण ट्रोकस ही समुद्री गोगलगाय, तेव्हा खरं तर ही शंखाची बटणं. शंख भोवऱ्यासारखा, बूड सपाट, बाहेरून पांढऱ्यावर तांबडे पट्टे. आतली भिंत मोत्यासारखी आणि चांगली जाड, म्हणून तिच्यातून चकत्या कापता येतात.

खरं-खोटं ओळखायला बटण उलटं करायचं. माझ्या ११ बटणांच्या पाठीवर तांबूस रेघ उरली आहे, शंखाच्या सालीची. आणि गालाला लावलं की गार लागतं, अगदी सोलापूरच्या मे महिन्यातही.

चमक अजून तशीच आहे, कारण तो मुलामा नव्हे. मायक्रॉनहूनही पातळ चुनखडी पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यात प्रकाश खेळतो. मात्र तीन बटणं मेली. आमटीचा डाग काढायला घरात लिंबू चोळलं. डाग गेला, चमकही गेली. चुन्याला आंबट सोसत नाही, हे सुचायला हवं होतं. मनगटाचं एक बटण इस्त्रीखाली तडकलं. इस्त्रीवाल्याला बोललो तर म्हणतो, “मालक, एवढं जपायचंय तर शर्ट घालताच कशाला?”

ट्रोकसच्याच भाऊबंदांपैकी हिरवा टर्बो हा शंख केवढा तरी मोठा, गोल, तोंडाला दगडासारखं पांढरं झाकण. गुजरातेत १६व्या-१७व्या शतकात पेट्या मढवायला याच शंखाचे चकाकते तुकडे वापरले. ॲबलोनी मात्र कानाच्या आकाराची, चपटी, कडेला भोकांची रांग, आतून निळी-हिरवी. तिची बटणंही हातात घेऊन पाहिली. सुंदरच, पण ऑफिसच्या शर्टावर मोर बसल्यासारखी दिसली असती.

घेताना बिल मागा. ट्रोकस आणि टर्बो अंदमान-निकोबारला सापडतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. माझ्या दुकानदाराने आयातीचा कागद दाखवला, मगच मी पैसे दिले.

हाताने धुणाऱ्याने जरूर घ्यावीत. पुढच्या शर्टाला मी समोरची सात ट्रोकसची लावणार, मनगटाला प्लॅस्टिकची. इस्त्रीवाला तोच आहे.