एनपीटीईएलचा अल्गोरिदमचा कोर्स: वही-पेन्सिल घेऊनच बसा

कोड लिहिता येतो, ॲपही चालतं, पण दहा हजार नोंदी आल्या की ते का रखडतं हे सांगता येत नाही. प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकलेल्यांची ही अडचण सोडवायला एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातला प्रा. माधवन मुकुंद यांचा ‘डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स’ (अल्गोरिदम म्हणजे काम सोडवायची पायरीवार रीत) हा आठ आठवड्यांचा कोर्स फार चांगला आहे. व्हिडिओ फुकट आहेत.

पहिल्याच आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण येतं: कामांचा ढीग पडलाय, आधी कुणाचं काढायचं? तिथूनच विषय आपला वाटू लागतो.

सगळ्यात कसदार भाग ‘डिव्हाइड अँड कॉन्कर’चा, म्हणजे मोठं काम तुकडे करून सोडवायचा. यादीत किती जोड्या उलट्या क्रमात (मोठा आकडा आधी) आहेत ते मोजायचंय. 10,000 आकड्यांची प्रत्येक जोडी तपासली तर जवळपास 5 कोटी तुलना होतात. मर्ज सॉर्ट (यादीचे दोन अर्धे वेगळे क्रमाने लावून मग एकत्र करणं) करता करता मोजलं, तर सव्वा लाखाच्या आसपास भागतं. कारण उजव्या अर्ध्यातला आकडा आधी उचलला गेला, की डावीकडे उरलेले सगळे एका फटक्यात मोजले जातात. हे आठ आकडे घेऊन हाताने करून बघाच.

उणीव एकच, पण मोठी: सिद्धता कशी लिहायची हे इथे मुळापासून शिकवलेलं नाही. इंडक्शन (एका पायरीवरून पुढची, असं करत सगळ्यांसाठी सिद्ध करायची पद्धत) कच्चं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी) आले की गाडी अडते. त्यासाठी आधी एमआयटीच्या 6.042 या संगणकशास्त्रासाठीच्या गणिताच्या कोर्सची 2010 ची पहिली तीन व्याख्यानं करावीत. तीही मोफत आहेत. अकरावी सायन्सचं बालभारतीचं गणिताचं पुस्तक घरात असेल तर त्यातला इंडक्शनचा धडाही चालेल.

याचा रोजच्या कामात उपयोग काय? बायनरी सर्चमध्ये क्रमाने लावलेल्या यादीचा शोधायचा पट्टा (लो ते हाय) दर वेळी मधोमध (मिड) तोडतात. तिथे ‘लो = मिड’ लिहिलंत आणि लो 4, हाय 5 असेल, तर मिड पुन्हा 4 च येतो आणि लूप संपतच नाही. दर फेरीला शोधायचा पट्टा लहान होतो का, हा प्रश्न विचारायची सवय इंडक्शनमुळे लागते. मग ‘मिड + 1’ आपोआप सुचतं.

डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने व्हिडिओ बघून होतात, पण डोक्यात राहत नाहीत. रविवारी तीन तास अभ्यासिकेत बसून असाइनमेंट सोडवा. सर्टिफिकेट हवं असेल तर असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि केंद्रावरच्या परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही लागतात. परीक्षेची फी वेगळी. नोकरीसाठी कुणी मागत नसेल, तर ती वाचवली तरी चालेल. असाइनमेंट मात्र एकही सोडू नका.