जिम्नीचं ४० मिलिमीटर लिफ्ट किट: स्प्रिंग उत्तम, खोकं अर्धवट

आमचं शेत पाटणच्या वर डोंगराच्या सोंडेवर आहे. शेवटचा दीड किलोमीटर बैलगाडीची वाट. दोन्हीकडे चाकोऱ्या आणि मधे जांभ्या दगडाचा उंचवटा. पावसाळा संपला की चाकोऱ्या आणखी खोल गेलेल्या असतात आणि आमच्या पाच दारांच्या जिम्नीचं, म्हणजे मारुती सुझुकीच्या छोट्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं, पोट ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) खालीच घासतं. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, २१० मिलिमीटर सांगते, पण मागे भाताची पोती पडली की पोट खाली येतंच. दोन वर्षं मी तो खरखर आवाज ऐकला. मग गाडी उंच करणारं ४० मिलिमीटरचं लिफ्ट किट आणि थोडे मोठे टायर घेतले, आणि सगळं काम घरच्या अंगणात स्वतः केलं. सोबतीला माझा मामेभाऊ होता. आता ५,००० किलोमीटर झालेत, म्हणून लिहितोय.

किट एका भारतीय विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलं. चार स्प्रिंग, चार शॉकअप, ब्रेकची नळी खाली घ्यायला पट्ट्या आणि नटबोल्टची एक पिशवी. ४२,००० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सगळं काही खोक्यात, नुसतं खोला आणि बसवा.' त्या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे. ती पुढे सांगतो.

टायरचा निर्णय मी आधी कागदावर केला. जिम्नीला मूळ १९५/८० आर १५ येतात (रुंदी मिलिमीटरमध्ये, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), म्हणजे चाकाची एकूण उंची ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतले तर साधारण ७०३ आणि २३५/७५ आर १५ घेतले तर ७३३. फोटोत २३५ फार देखणे दिसतात, हे मान्य. पण इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १३४ न्यूटन मीटरच आहे आणि आम्हाला घाट रोजचा. शिवाय २३५ वर स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के कमी दाखवतो; काटा ८० वर असला की गाडी ८५ च्या आसपास पळत असते. २१५ मध्ये हा फरक दीड टक्क्याचा. आणि २१५/७५ आर १५ हा बोलेरोचा टायर. पाटणला, चिपळूणला, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. रानात टायर फाटल्यावर ही गोष्ट फोटोपेक्षा मोलाची ठरते. स्टेपनीसकट पाच ऑल टेरेन टायर ३२,५०० रुपयांना पडले.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण किट घेणाऱ्या पुष्कळांच्या ती लक्षात येत नाही. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच सलग दांडा. स्प्रिंग उंच केल्या की चेसिस वर जाते, पोट वर जातं, बंपर वर जातो. ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण तो थेट चाकांवर उभा आहे. ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा उचलायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरची उंची जेवढी वाढते त्याच्या निम्माच गोळा वर जातो. माझ्या गाडीचं पोट ४५ मिलिमीटर उचललं गेलं, गोळा फक्त पाच. चाकोरीतला धोंडा अजूनही बघूनच घ्यावा लागतो.

शनिवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. आधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून दारावर खडूने लिहिलं. समोरच्या भिंतीवर हेडलाइटच्या झोताची वरची कड खडूनेच आखली. मग चेसिसखाली दोन दणकट स्टँड लावले आणि काढलेली चाकं आडवी करून चेसिसखाली सरकवली. गाडी स्टँडवरून घसरली तरी चाकावर बसेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

पुढचं काम असं: स्टॅबिलायझरच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका सोडायच्या, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला सोडायचा, ब्रेकच्या नळ्यांच्या आणि एबीएसच्या वायरच्या पट्ट्या मोकळ्या करायच्या, आणि ॲक्सल जॅकवर हळूहळू खाली घ्यायचा. स्प्रिंग सैल होते आणि हाताने बाहेर येते. स्प्रिंग दाबायचं यंत्र लागलंच नाही. त्या यंत्रातून स्प्रिंग सुटून माणसं जखमी होतात, म्हणून मला त्याचीच धास्ती होती. ॲक्सल खाली जाताना भाऊ फक्त एबीएसच्या वायरीकडे बघत बसला होता. ती ताणली की तो 'थांब' म्हणायचा. गाडीखालच्या माणसाला ती दिसत नाही, त्यामुळे या कामाला दोन माणसं लागतातच.

नव्या स्प्रिंगवर डावी-उजवी, पुढची-मागची असे शिक्के स्पष्ट होते. पावडर कोटिंग जाड आणि एकसारखं. शॉकअपचा दांडा हाताने दाबला की संथपणे परत वर येतो, मधे कुठे अडकत नाही. मालाच्या दर्जाबद्दल मला एका शब्दाचीही तक्रार नाही. पुढच्या बाजूला आम्हाला सहा तास लागले, मागच्या बाजूला जेमतेम अडीच.

चूक झाली ती शेवटी. ॲक्सल हवेत लोंबकळत असतानाच मी सगळे बुशचे (सांध्यांतल्या रबरी गुंडाळ्यांचे) बोल्ट कचकून आवळले. गाडी खाली उतरवली तर ती प्रमाणाबाहेर उंच दिसली, आणि अंगणातून बाहेर काढताना कुईकुई आवाज. कारण साधं आहे. रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी घट्ट होते आणि हालचाल होते ती रबराच्या पिळण्यातून. हवेत आवळलं की तीच त्याची मधली जागा ठरते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलंच राहतं. गाडी अवघडून उभी राहते आणि बुश लवकर फाटतात. रविवारी सकाळी चाकं जमिनीवर ठेवून आर्मचे (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्यांचे) आणि पॅनहार्डचे बोल्ट ढिले केले. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा आतून 'टक्' असा आवाज आला आणि फेंडर माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली बसला. मग भावाला आणि शेजारच्या दोघांना बंपरवर उभं करून गाडी चार-पाचदा हलवली आणि तशीच उभी असताना बोल्ट आवळले. चाकांचे नट टॉर्क पान्याने १०० न्यूटन मीटरला. किटसोबत आलेल्या चार पानी माहितीपत्रकात बुशच्या या पायरीचा उल्लेखच नव्हता.

आता मुख्य तक्रार. सोमवारी कराडहून साताऱ्याकडे महामार्गाला लागलो. साठपर्यंत ठीक. ऐंशीला गाडी जागेवर राहीना. स्टिअरिंग हलकं झालेलं, वळवल्यावर आपणहून सरळ येत नव्हतं, आणि ट्रक शेजारून गेला की गाडी हातभर सरकायची. अलाइनमेंट करून घेतलं, टो-इन (पुढची चाकं आत किती वळलेली आहेत ते) बरोबर निघाला, गाडी तशीच. बिघाड कॅस्टरचा, म्हणजे पुढच्या चाकांच्या मागे झुकण्याच्या कोनाचा होता. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, हात सोडल्यावर ती सरळ धावायला त्याची मदत होते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही तसाच झुकाव दिलेला असतो. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मना बांधलेला आहे. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात, त्यांच्यासोबत ॲक्सल फिरतो आणि तो झुकाव कमी होतो. जिम्नीच्या ॲक्सलवर कॅस्टर अलाइनमेंटच्या दुकानात जुळवता येत नाही, तशी सोयच नाही. त्यासाठी मधलं भोक बाजूला सरकवलेले कॅस्टर बुश येतात. ते आर्ममध्ये बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि तो माझ्या अंगणात नाही. बुश ६,००० रुपये, कराडला प्रेसवर बसवायची मजुरी २,५००, आणि मधे आठवडाभर गाडी फक्त गावातल्या गावात. विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, 'हो साहेब, ते वेगळं घ्यावं लागतं.' मग हे विकतानाच सांगायला हवं होतं. ज्या गोष्टीवाचून गाडी महामार्गावर सरळ धावत नाही, ती गोष्ट ऐच्छिक कशी असू शकते? या एका कारणासाठी मी किटचे पाचातले दोन गुण कापतो.

बुश बसल्यावर गाडी पुन्हा मूळच्यासारखी सरळ धावते. पॅनहार्ड रॉडची लांबी ठरलेली असल्यामुळे पुढचा ॲक्सल एका बाजूला सरकलाय. रिमपासून फेंडरपर्यंत मोजलं तर आठ मिलिमीटरचा फरक. चालवताना जाणवत नाही, पण लांबी कमीजास्त करता येणारा रॉड घेणार आहे. हेडलाइटचा झोत भिंतीवरच्या रेघेपर्यंत खाली आणला. समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तो जाऊ नये, ही जबाबदारी आपलीच.

कायद्याचंही वाचून ठेवा, आणि पैसे भरण्याआधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येणार नाहीत, असा निकाल दिला आहे. दोन-तीन इंचांची किटं आणि बाहेर डोकावणारे टायर बिनधास्त विकले जातात. विकणारा हे सांगत नाही. आपल्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघाताच्या दाव्याच्या वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि टायर मी तेल लावून, गोणपाटात बांधून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेत. मूळ स्थितीत आणा असं सांगितलं तर एका दिवसात बसतील.

५,००० किलोमीटरनंतर स्प्रिंग पुढे चार आणि मागे दोन मिलिमीटर बसल्या, एवढं अपेक्षितच होतं. गाडी रिकामी असताना मागची बाजू स्पीडब्रेकरवर टणक लागते. दीडशे किलो भरले की तीच बाजू मूळ स्प्रिंगपेक्षा सुखाची वाटते. शॉकअप कोरडे आहेत, तेलाचा थेंब नाही. लिटरमागे आता दीड किलोमीटर कमी पळते, कारण टायर जड आहेत. कुंभार्ली घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर लवकर घ्यावा लागतो. आणि माझी आई सत्तरीची आहे. तिला आता आत चढताना गुडघा जास्त उचलावा लागतो, म्हणून देवघरातला जुना पाट गाडीत ठेवलाय. उतरताना आधी तो खाली ठेवायचा, मग तिचा हात धरायचा.

५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. पॅनहार्डचा बोल्ट पाव फेरा आवळला गेला, मागच्या शॉकअपचा एक थोडासा. बाकी सगळे जागच्या जागी होते. परवा भाताची सहा पोती घेऊन त्याच वाटेने खाली आलो. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, मुद्दाम. पोटाखालून फक्त गवत घासल्याचा आवाज आला.