एसएसबी क्लासचा अनुभव: मैदान उत्तम, जीडीबद्दल मात्र वाचाच

क्लासचं नाव लिहिणार नाही. तक्रार होती ती मालकांना समोर बसून सांगितली, त्यांनी ऐकून घेतली, मग चव्हाट्यावर नाव कशाला आणायचं? पण आमच्या साताऱ्याकडचे आईबाप सारखे फोन करून विचारतात, "सुभेदार, पोरीला कुठं टाकलीत? पैसे वसूल झाले का?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो. सव्वीस वर्षं नोकरी. धाकटी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी पास झाली आणि एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी, भोपाळ सेंटरचं पत्र आलं. पुण्यातला हा कोर्स चौदा दिवसांचा, राहूनखाऊन, फी साडेएकवीस हजार. हप्ते नाहीत. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तेवढी मागून घ्या.

आधी चांगलं सांगतो. मैदान एक नंबर. फळी, बल्ली, रस्सी सगळं खऱ्या मापाचं, लाल रंगाला बोट लागलं की पूर्ण ग्रुप मागे. शिकवणारे उस्ताद रिटायर्ड हवालदार आहेत, आमच्या रेजिमेंटचे नाहीत, पण माणूस सोनं. पोरांना ओरडत नाहीत. कुणी अडकलं की जवळ जाऊन हळूच विचारतात, "अब क्या करोगे बेटा?" आणि गप्प उभे राहतात. माझी पोरगी पहिल्या दिवशी झोक्याच्या दोरीवरून दोनदा पडली, आठव्या दिवशी तिथून दुसऱ्यांना हात देत होती.

जेवण ठीक. डाळ पातळ असते, पण ज्याने पल्टनीच्या लंगरची डाळ खाल्ली त्याने त्यावर बोलू नये. मुलींच्या खोलीत सोळा जणींना एक गीझर. मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या, त्यानंतर मुलींची गर्दी वाढली म्हणे. मग गीझरही वाढवा की.

आता जीडी, म्हणजे गटचर्चा.

मधल्या रविवारी पालकांना बघायला बोलावतात. आम्ही सहा जण मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, खोकायचंसुद्धा नाही अशी ताकीद. पुढे अर्धगोलात नऊ पोरं, छातीवर नंबर. शिकवणारे सर तरुण, इंग्रजी फाडफाड. स्वतः दोनदा एसएसबीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, कॉन्फरन्सपर्यंत, जाऊन परत आलेले, त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी फळ्यावर विषय लिहिला: शहरात तासाभरात बॉम्ब फुटणार आहे, ज्याला जागा माहीत आहे तो अतिरेकी तुमच्या ताब्यात आहे. त्याचा छळ करून माहिती काढावी का?

तीन नंबरच्या पोराने लगेच तोंड उघडलं. "नेशन फर्स्ट." मग चार नंबर, तेच. सहा, सात, तेच, फक्त आवाज चढत गेला. सर वहीत टिक करत होते. आठ नंबर म्हणजे बार्शीकडचा एक पोरगा, मराठी माध्यमाचा. इंग्रजीत सुरू झाला, अडखळला, मग हिंदीत शिरला. म्हणाला, छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्येच सही केली आहे, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही, तर आपण आधी हे बोलायला हवं. अख्ख्या चर्चेत माहितीचं असं एवढंच आलं. सर म्हणाले, "इंग्लिश प्लीज. अँड नो निगेटिव्हिटी." पोरगा खाली बघायला लागला.

माझी पोरगी पाच नंबर. ती एकच वाक्य बोलली. "त्याला जागा माहीत आहे, हे आपल्याला कसं कळलं?"

कुणी उत्तर दिलं नाही. सर म्हणाले, ते दिलेलं आहे, गृहीत धरा. नंतर ती शेवटपर्यंत गप्प.

मी मागे बसून होतो आणि मला काश्मीर खोऱ्यातली एक रात्र आठवत होती. कुणीतरी, आम्ही नव्हे, एका माणसाला आमच्या आधीच भरपूर मारलं होतं. त्याने एक नाव आणि एक घर सांगितलं. रात्री तीनला गुडघाभर बर्फात आम्ही त्या घराला वेढा दिला. उजाडल्यावर झडती. आत एक म्हातारा, दोन बायका, आणि लग्नाच्या रजयांनी भरलेली एक पेटी. पेटी रिकामी केली तेव्हा म्हातारी नुसती बघत उभी होती. पुढे कळलं की नाव सांगणाऱ्याचं आणि त्या घराचं अक्रोडाच्या झाडावरून भांडण होतं. मार खाणारा माणूस मार थांबेल ते बोलतो. त्याचं बोलणं खरं की खोटं हे बघायला मग तीस जवान बर्फात पाठवावे लागतात, आणि परतीच्या रस्त्यावर कोण टपून बसलंय ते कुणाला ठाऊक? फळ्यावरच्या बॉम्बमध्ये यातलं काही नसतं. तिथे माणूस पक्का, माहिती पक्की, वेळसुद्धा घड्याळ लावून. सव्वीस वर्षांत मला असा सोयीचा अतिरेकी भेटला नाही.

जीडी झाल्यावर सरांनी पडद्यावर कॅप्टन सौरभ कालिया यांचा फोटो लावला. मे १९९९ मध्ये, कारगिलच्या वेळी, ४ जाट पल्टनीचे कालिया आणि पाच जवान काकसर भागात गस्तीवर असताना पकडले गेले, ९ जूनला त्यांचे देह परत मिळाले. देहांवर काय काय खुणा होत्या ते इथे लिहीत नाही. सर म्हणाले, ते नियम पाळत नाहीत, मग आपणच का पाळायचे? पोरांचे डोळे लाल झाले. माझेही. त्या उन्हाळ्यात वर्दीत असलेला कुठलाही माणूस तो फोटो बघून शांत बसू शकत नाही.

पण शांत झाल्यावर विचार करा ना. युद्धकैद्याने नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख एवढंच सांगायचं, आणि जास्त काढण्यासाठी त्याच्या अंगाला किंवा मनाला त्रास द्यायचा नाही, हे जिनिव्हाच्या तिसऱ्या कराराच्या १७व्या कलमात आहे. कालियांना न्याय मिळावा ही आपली मागणी त्याच कागदावर उभी आहे. तो कागद आपणच फाडायचा असेल तर मागायचं कोणत्या तोंडाने? त्याच युद्धात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले. तिकडे त्यांना मारहाण सुरू झाली आणि एका वरिष्ठ पाकिस्तानी अधिकाऱ्याने मध्ये पडून ती थांबवली, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. आठवडाभरात ते परत आले. ही गोष्ट पडद्यावर आली नाही. आणि गंमत म्हणजे क्लासच्या दारातच अभिनंदन यांचा मोठा फोटो आहे, मिशांसकट. २०१९ मध्ये पाकिस्तानच्या ताब्यात असताना हातात चहाचा कप घेऊन 'हे मी तुम्हाला सांगणं अपेक्षित नाही' म्हणणारा माणूस. रोज त्याच्याखालून पोरं आत जातात.

तरीही मी गप्प घरी गेलो असतो. बोलायला लावलं ते त्यांच्या पुस्तिकेने. एसआरटी म्हणून एक पेपर असतो, साठ प्रसंग, तीस मिनिटं, म्हणजे एकेका प्रसंगाला अर्धा मिनिट. क्लासवाले त्याची तयार उत्तरं छापून देतात. पोरीच्या पुस्तिकेत एक प्रसंग असा: कंपनी कमांडरने पकडलेल्या माणसाला मारून माहिती काढायला सांगितलं, तुम्ही...? आणि खाली छापील उत्तर: 'हुकूम पाळला, माहिती मिळवली, अतिरेकी पकडले.' मी चष्मा पुसून परत वाचलं.

आर्मी अ‍ॅक्टचं कलम ४१ आम्हाला प्रमोशन केडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, घोकून घेतलं होतं. हुकूम मोडला तर शिक्षा आहे, पण त्यात शब्द आहे 'कायदेशीर हुकूम'. तो एक शब्द उस्ताद फळ्यावर अधोरेखित करायचे. याच कायद्यात कलम ४६ आहे, क्रूर आणि लाजिरवाण्या वर्तनाला शिक्षा देणारं. म्हणजे छापील उत्तर लिहिणारं पोरगं बोर्डासमोर गुन्हा कबूल करत होतं, तेही साडेएकवीस हजार भरून.

पुस्तिका घेऊन मी मालकांकडे गेलो. ते रिटायर्ड लेफ्टनंट कर्नल. चहा मागवला. त्यांचं म्हणणं, बोर्डाला ठाम पोरं लागतात, विषय मुद्दाम तिखट देतो. मी म्हटलं, "साहेब, ठामपणाला माझी ना नाही. पण खिशातलं कार्ड आठवतंय का?"

आठवत होतं. अफ्स्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, असलेल्या भागात काम केलेल्या प्रत्येकाला ते आठवतं. 'करा' आणि 'करू नका'ची यादी. माहिती किंवा कबुली काढायला थर्ड डिग्री वापरू नका. पकडलेल्या माणसाला लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अफ्स्पा वैध ठरवला, त्याच निकालात ही यादी बंधनकारक असल्याचंही सांगितलं. मालक थोडा वेळ चमचा फिरवत राहिले, मग त्यांनीच टोपा पीरचा विषय काढला. डिसेंबर २०२३, पूंछ, आपल्या जवानांवरच्या हल्ल्यानंतर चौकशीला उचललेले तीन गावकरी मेले आणि लष्कराला स्वतःच चौकशी लावावी लागली. म्हणाले, "तिथेही कुणीतरी नेशन फर्स्टच म्हणत असेल." पुस्तिकेतलं ते पान काढतो म्हणाले. मी उठलो.

येताना पोरगी गाडीत होती, तिला एक दिवसाची सुट्टी होती. शिरवळ गेल्यावर तिने विचारलं, "अण्णा, बांधलेल्या माणसाला तुम्ही कधी मारलंय?"

खंबाटकीचा घाट येईपर्यंत मी बोललो नाही. मग सांगितलं. मारलं नाही. टॉर्च धरली होती. मी तेव्हा लान्स नायक. आदल्या दिवशी आमच्यातला एक गेला होता. संशयावरून पकडलेलं एक पोरगं, हात मागे बांधलेले, आणि आमच्यातला एक जण पट्टा काढून उभा. मी उजेड नीट पडावा म्हणून टॉर्च थोडी वर घेतली, हे मला अजून आठवतं. कॅप्टन साहेब आले. ओरडले नाहीत. मला म्हणाले, "कार्ड निकालो. पढो." मी त्याच टॉर्चच्या उजेडात पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. मारणाऱ्याने पट्टा कमरेला लावला. सकाळी नऊला त्या पोराला ठाण्यात देऊन पावती आणली. पल्टनीत कित्येक जण म्हणाले, साहेब नरम आहेत. मीही म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू. कर्तव्य, मान, साहस हे आमच्या रेजिमेंटचं ब्रीद, पण त्या रात्री ते तिन्ही एकाच माणसाकडे होतं आणि तो मी नव्हतो.

ती काही बोलली नाही. पुढे वाढे फाट्याला उसाचा रस घेतला.

आता क्लासच्या बाजूने एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. बाराव्या दिवशी मालकांनी स्वतः पाऊण तास घेतला. पोरीने फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळ्यांना एकच लिहायला लावलं: चुकीचा हुकूम आला तर नकार कसा द्याल, नेमके शब्द लिहा. बहुतेकांनी 'नो सर' लिहिलं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं. रात्री दोन वाजता, आदल्या दिवशी माणूस गमावलेल्या कमांडरला 'नो सर' म्हटलं की तो दुसऱ्याला सांगतो, एवढंच होतं. बार्शीच्या पोराने हिंदीत लिहिलं होतं: 'सर, इसे थाने पहुँचाने की गाड़ी मैं लगवाता हूँ.' साहेबांनी तेच वाचून दाखवलं. हुकमाला तोंडावर धुडकावलं नाही, कमांडरला मागे यायला जागा ठेवली, आणि माणूस तिथून हलवला. मी सव्वीस वर्षं काढली, पण टॉर्च धरली होती तेव्हा हे वाक्य मला सुचलं नव्हतं. या पाऊण तासासाठी एक तारा वाढवतो.

हा तास सर्व बॅचना मिळेल का, मला माहीत नाही. प्रवेश घेताना विचारा. एसआरटीची पुस्तिका आधी स्वतः चाळा. पांढरे कॅनव्हास बूट दोन जोड द्या, एक कायम ओला असतो. दुचाकी आत लावू देतात, चारचाकी लांब गल्लीत. मुलींसाठी सकाळी पाचच्या आधी गीझर रिकामा मिळतो.

शेवटच्या दिवशी मिळालेल्या शेऱ्यांच्या कागदावर तिच्या नावासमोर लिहिलंय: 'चेस्ट नंबर ५. मैदान उत्तम. चर्चेत पुढाकार कमी, अनावश्यक प्रश्न विचारते.' कागद तिने फाइलला लावून ठेवला आहे. मंगळवारी झेलमने भोपाळला निघते. सुट्टी संपली की मीही पुण्याहून त्याच गाडीने जायचो, फक्त भोपाळला उतरायचो नाही.