व्हॉट्सॅपमधलं मेटा एआय : 5 पैकी 2 स्टार

आमच्या नेरूळच्या सोसायटीत पार्किंगची नोटीस, गणपतीच्या वर्गणीचा मेसेज, पोराच्या शाळेचा रजेचा अर्ज, सगळं आता व्हॉट्सॅपमधल्या त्या निळ्या गोलाकडूनच, म्हणजे मेटा एआयकडूनच लिहून घेतात. त्या कामाला तो खरंच भारी आहे, दोन स्टार त्याचेच.

आता कापलेले तीन. व्हॉट्सॅपवर आहे म्हणजे सेफच असणार असं लोक धरून चालतात. आपली आपसातली चॅट 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे व्हॉट्सॅपच्या मालक मेटा कंपनीलाही वाचता येत नाहीत, पण मेटा एआयला लिहिलेलं तसं नाहीये हो, तिथे पलीकडे कंपनीच बसलीये. आमच्या सासूबाई त्याला शुगरचा रिपोर्ट फोटो काढून पाठवतात, वर नाव, वय, मोबाईल नंबर सगळं दिसतंय, म्हटलं आई अहो निदान वरचा भाग तरी कापा, तर म्हणे "अगं मशीनला काय करायचंय माझ्या वयाचं!" 16 डिसेंबर 2025 पासून एआयशी मारलेल्या गप्पा मेटा जाहिरातींसाठी वापरते. तब्येत, धर्म, राजकारण यातून वगळलंय म्हणतात, आणि व्हॉट्सॅपचं अकाउंट फेसबुक-इन्स्टाला जोडलेलं असेल तरच व्हॉट्सॅपवरच्या गप्पा धरणार, पण रिपोर्ट तर गेला ना तिकडे.

ग्रुपमधले सगळे मेसेज तो वाचतो हा फॉरवर्ड मात्र खोटा आहे, उगाच पसरवू नका. त्याला टॅग करून लिहाल तेवढंच जातं. तरी नको असेल तर ग्रुपच्या नावावर टॅप करून अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू करा, प्रत्येक चॅटला वेगळी करावी लागते. स्क्रीनशॉट काही थांबत नाहीत त्याने.

सगळ्यात डेंजर म्हणजे कस्टमर केअरचा नंबर याला विचारणं. जून 2025 मध्ये ब्रिटनमधल्या एकाने रेल्वेची हेल्पलाइन विचारली तर याने भलत्याच माणसाचा खाजगी नंबर दिला, तोही एकदम ठामपणे. आपल्याकडे तर नेटवर खोटे कस्टमर केअर नंबर टाकून बसलेली टोळकी ढिगाने आहेत, फोन लावला की "मॅडम हे अॅप डाउनलोड करा" आणि मग स्क्रीन त्यांच्या हातात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

पूर्ण बंद करायचं बटन दिलं तर अजून एक स्टार वाढवेन.