बेअर शेवा–दिमोना बस: आठ महिन्यांच्या पासनंतर

इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात, बेअर शेवाहून दिमोनाला जाणारी बस मी आठ महिने वापरतेय. काम बेअर शेवाच्या विद्यापीठात, आणि भाडं परवडतं म्हणून खोली दिमोनात. अंतर साधारण 35 किलोमीटर. रव-काव कार्डावर, म्हणजे इथल्या प्रवासाच्या कार्डावर, महिन्याचा पास भरते. एसी उत्तम, सीटा ठीक.

रविवारी सकाळी मात्र जीव जातो. इथे आठवडा रविवारी सुरू होतो आणि सुट्टीवरून परतणारे सैनिक खांद्याला बंदूक, पाठीला भलीमोठी सॅक घेऊन सगळ्या बसा भरून टाकतात. दोनदा भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे गेली आणि मला उशीर झाला. तक्रार केली, उत्तर आलं नाही.

पण लिहायचंय ते बसमधल्या माणसांबद्दल. पहिल्या आठवड्यात एक बाई बाबागाडी घेऊन मागच्या दाराने चढली. तिने आपलं कार्ड पुढच्या माणसाच्या हातात दिलं. ते पाच-सहा अनोळखी हातांतून ड्रायव्हरपर्यंत गेलं आणि तसंच परत आलं. तोवर एका सैनिकाने बाळाचा पडलेला मोजा उचलून त्याच्या पायात घातला होता. आईने मान हलवली, बस्स. आभार मानायची कोणाला गरज वाटली नाही, घरात वाटत नाही तशी.

बसमध्ये तोराहमधलं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातलं, एक वाक्य लावलेलं असतं : 'मिप्ने सेवा ताकूम', म्हणजे पिकल्या केसांपुढे उभा राहा. इथे ते खरंच पाळतात. कोणी नाही उठलं तर दुसरा प्रवासी त्याला उठवतो. बेवारस पिशवी दिसली की 'कोणाची आहे?' असा ओरडा पुढून मागे जातो. 31 ऑगस्ट 2004 ला बेअर शेवातच दोन बसमध्ये स्फोट होऊन 16 माणसं गेली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. बेदुइन, म्हणजे नेगेवमधल्या अरब जमातींच्या, बायकाही याच बसने जातात, आणि ओरडा झाला की नजरा आधी त्यांच्याकडे वळतात. हा आपलेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, आणि ते बघताना मला फार वाईट वाटतं.

दिमोनात आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पुष्कळ आहेत, हे ऐकून होते. तरी तिसऱ्या महिन्यात मी फोनवर आईशी बोलत असताना मागच्या सीटवरून आवाज आला, "बाय, तू कुठली गो?" तेव्हा अंगावर काटाच आला. आजी मूळच्या पेणकडच्या, लहानपण मुंबईत गेलेलं. सिनगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, त्या अजून 'मशीद'च म्हणतात. "आमची जुनी मशीद, सॅम्युअल स्ट्रीटवरची, पाहिलीस का?" 1796 सालची ती वास्तू मी मुंबईत राहूनही पाहिली नव्हती. खाली मान घालून "नाही आजी" म्हणाले.

त्यांनीच सांगितलं, की इथे आल्यावर बेने इस्राएलांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, लग्नं अडली, आणि जेरुसलेमला धरणं धरल्यावर 1964 मध्ये इथल्या ज्यू धर्मपीठाने माघार घेतली. "आता बघ, सगळे मला 'सावता' म्हणतात," त्या म्हणाल्या. सावता म्हणजे आजी.

शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून ही बस नसते. शुक्रवारी दुपारनंतर बंद होते, ती थेट शनिवारी अंधार पडल्यावर. सुरुवातीला याचा मला राग यायचा. गेल्या महिन्यात शुक्रवारची शेवटची बस चुकतच होती. मी स्टँडवर धावत होते, दार बंद झालं होतं. आतून चार-पाच जण एकदम ओरडले, "नहाग, रेगा!" म्हणजे ड्रायव्हर, थांब. दार उघडलं. धाप लागलेली मी वर चढले, तर आजी खिडकीशी बसलेल्या, मांडीवर शब्बाथच्या पावाची पिशवी. सरकून जागा देत म्हणाल्या, "बस. पाणी पी आधी."