गोरक्षेपचं लॉज: खोलीला दोन तारे, संध्याकाळला पाच

गोरक्षेप म्हणजे नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम. खोलीला पाचात दोनच. प्लायवूडच्या भिंती, शेजारच्याने कूस बदलली तरी ऐकू येते, आणि सकाळी उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली पार गोठलेली. मोबाइल चार्जिंगचे पैसे वेगळे. पण ५,१६४ मीटरवर किती कुरकुर करायची! इथलं बरंचसं सामान याकच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून येतं.

तारे वाढले ते जेवणघरात. मधोमध शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी, भोवती सगळ्यांचे ओले मोजे, आणि दालभात. ताट रिकामं दिसलं की मालकीणबाई न विचारता पुन्हा वाढतात. डाळ छान मऊ. कुकरची कृपा, कारण इथे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं.

एव्हरेस्ट बघायला सगळे पहाटे इथली काला पत्थर टेकडी चढतात. बाई मला म्हणाल्या, "दिदी, शाम को जाओ." ऐकलं. पहाटे सूर्य एव्हरेस्टच्या मागून येतो, डोंगर काळाच दिसतो. संध्याकाळी ऊन थेट त्याच्या तोंडावर. खाली अंधारलं तरी माथा तांबूस पेटलेला. बेस कॅम्पवरून तर तो दिसतही नाही.

उतरताना हेडटॉर्च आणि सोबत हवीच. माझ्या टॉर्चने थंडीत मान टाकली होती, गाइडच्या उजेडात आले.